दिंडोशीतली गावपळण

घाडीकाकांना घरातल्या प्रत्येक अडचणीवर एकच औषध ठाऊक होतं: त्यांचा परळचा गाळा, म्हणजे गिरणीकामगारांची भाड्याची खोली. पाणी गेलं, की गाळ्यात अठरा जण एका पिंपावर कसे भागवायचे ते सांगणार. पाहुणे आले, की दिवसपाळीवाला उठून गेल्यावर रात्रपाळीवाला त्याच्याच उबदार चटईवर कसा आडवा व्हायचा ते सांगणार. गिरणी बंद पडली, आलेल्या पैशांतून दिंडोशीच्या वसाहतीत हॉल, किचन आणि आतली खोली असं घर झालं, बायको विमला त्याच घरात वारली, मुलगा नितेश संसाराला लागला, तरी काकांच्या जिभेवरून गाळा काही उतरला नाही. सून मानसी म्हणायची, "बाबा, तो गाळा आता सरकारनेच जपून ठेवायला हवा." काका खूश. टोमणा कळत नसे असं नाही. पण गाळ्याचं नाव निघालं हेच पुष्कळ.

मानसी नर्स. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तिने आयसीयूत वर्षानुवर्षं काढली होती. तिला बर्म्युडाच्या हॉस्पिटलातून नोकरीचं बोलावणं आलं.

"ता चड्डीचा नाव ना गो?" काकांनी विचारलं.

चड्डीचं नाव बेटावरूनच पडलंय, हे नात प्रांजलने मोबाइलवर दाखवलं. निळं पाणी, पांढरी छपरं, चहूकडे समुद्र. पगाराचा आकडा ऐकून शेजारच्या शांताबाईंचे डोळे पांढरे झाले. मग मानसीने तिथलं घरभाडं विचारलं आणि तिचेच डोळे पांढरे झाले. बेटावर जवळजवळ सगळं बाहेरून येतं, आणि कोबीचा गड्डा इथल्या पापलेटच्या भावाने. नितेश लिफ्ट दुरुस्तीवाला, त्याला तिथे लगेच काम मिळणार नव्हतं. हॉस्पिटल नवऱ्याची आणि मुलीची सोय बघणार होतं. बाबांचं तिकीट, बाबांचा विमा, सगळं आपलं आपण. पण बाबांना ठेवून जायचा विषयच नव्हता. "जायचं तर चौघं," नितेश पहिल्याच दिवशी म्हणाला आणि काकांनी ते ऐकून खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं. डोळ्यांत पाणी आलेलं पोराला दिसू द्यायचं नव्हतं.

परवडणार का, यावर दोघं नवराबायको रोज घोळ घालायची. शेवटी काकांनीच गाळा काढला.

"आदी हयसर रवान बगूया. महिनोभर. गाळ्यात अठरा रवले, मगे हयसर चार माणसा रवाची नाय?"

कल्पना साधी होती. तिथे एकच खोली परवडणार, तर इथेही एकाच खोलीत राहायचं. तिथे भाडं जाऊन हातात जेवढं उरेल, तेवढ्याच हिशेबाने इथे दर रविवारी बिस्किटांच्या डब्यात पैसे ठेवायचे आणि बाहेरून दमडी घ्यायची नाही. आतल्या खोलीला काकांनी स्वतः कुलूप घातलं, किल्ली देवासमोर ठेवली आणि जाहीर केलं, "ही आपली गावपळण."

काका मालवणकडचे. त्यांच्या गावात दर तीन वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावतात, म्हणजे देवाच्या अंगावर फुलं चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. होकार आला, की सगळं गाव घरंदारं सोडून शिवेबाहेर जातं आणि तीन दिवस राहुट्यांत राहतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. गावात त्या दिवसांत चूल पेटत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि सगळे परत फिरतात. प्रांजलला ही गोष्ट भारी आवडली. "मांजरं पण?" तिने तीनदा विचारलं.

तर दिंडोशीतली गावपळण सुरू झाली. मधे मानसीच्या जुन्या साडीचा पडदा. काकांची जागा किचनच्या दाराशी, एका चटईपुरती, पाय चपलांच्या रॅकखाली. काका कडक शिस्तीचे. नितेशने येता येता वडापाव खाल्ला, तर त्याचेही पैसे डब्यात टाकायला लावले. आणि मानसी त्यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पर्समधल्या पैशांनी आणायला निघाली, तेव्हा तिला दारातच अडवलं.

"माझ्यो गोळ्यो पण डब्यातसूनच. थय काय देव फुकट देतलो?"

मानसीने पर्स ठेवली आणि डबा उघडला.

डबा गुरुवारीच रिकामा वाजायला लागायचा. शेवटचे दोन दिवस कुळथाची पिठी आणि भात. काका मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, पुढच्या आठवड्यात जमेल. पुढच्या आठवड्यातही पिठीच. नितेश रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर बेरजा करत बसायचा. काकांना मात्र मनापासून मजा येत होती. विमला गेल्यापासून इतकी माणसं इतक्या जवळ झोपली नव्हती. पहाटे प्रांजलचा पाय पडद्याखालून त्यांच्या उशीवर यायचा, तो ते तसाच राहू द्यायचे.

अशात गावाहून चुलतभाऊ धोंडूचा फोन आला. खऱ्या गावपळणीचा कौल झाला होता. घाडी घराण्याचा मान, जायलाच हवं. काका आठवड्यासाठी गेले.

शिवेबाहेर माळावर राहुट्या पडल्या. धोंडूची आई अंथरुणाला खिळलेली. तिला चौघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. ती कण्हत होती, शिव्या देत होती, पण आणली. "कुणाक मागे ठेवूचा नाय," धोंडू म्हणाला. काकांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आपली नितेश-मानसी शहरात वाढलेली, पण नेमकं हेच करतायत. त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी धोंडूला बर्म्युडाच्या पांढऱ्या छपरांचं वर्णन ऐकवलं, जणू काही स्वतः जाऊन आले होते.

परतताना कोकमं आणि नारळ घेऊन आले, तर आतल्या खोलीचं कुलूप निघालेलं. पडदा घडी करून ठेवलेला.

"नाही जमलं, बाबा," नितेश म्हणाला. "सोडून देऊ. मानसी हॉस्पिटलला 'नाही' कळवून टाकेल. इथे काय वाईट आहे?"

मानसी नारळ उचलून आत गेली. काकांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. एवढ्या वयात कोण त्या समुद्रात जाऊन पडतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली बांगडे घ्यायला उतरले. मढहून येणारी चंपा गेटपाशी टोपली लावून बसते. तिने बांगडे मोजता मोजता म्हटलं, "काका, आज बांगडाच? तुमच्या सुनेने शुक्रवारी सुरमई नेली. मी बोलले, काय गं, आज काय आहे? तर बोलली, चंपा, डब्यातले पैसे उरले. हसत होती, नि हसता हसता डोळे पुसत होती. मला काय कळलंच नाय."

काकांना कळलं. शुक्रवारी आपण गावाला होतो. डब्यातून गोळ्या नाहीत, एक ताट नाही, एक चटई नाही, म्हणून सुरमई. तिघांचं जमत होतं. नुसतं जमत नव्हतं, उरत होतं. आणि ते आपल्याला कळू नये म्हणून पोरं हातात आलेली नोकरी नाकारायला निघाली होती.

पिशवी घेऊन ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पोरांवर काढायचा तर ती खोटं बोलली होती तेही यांच्याच मायेपोटी. गाळ्यावर काढायचा, तर गाळा केव्हाच पाडून झालेला. आपण होऊन आपल्यालाच तराजूत बसवलं, माप आपणच धरलं. हसं झालं म्हणायचं तर हसायलाही जवळ कुणी नव्हतं. बांगड्यांवर माश्या बसायला लागल्या तेव्हा ते उठले.

जेवताना त्यांनी विषय काढला. "गावाक देवाक इचारलंय मी. कौल लावलेलो. माझ्या जावच्याक डावो झालो. म्हाताऱ्यान समुद्र वलांडूचो नाय. तुमी तिघा जावा. जमवा कसाय."

काकांनी जन्मात कधी देवाच्या नावावर खोटं सांगितलं नव्हतं.

नितेश कौलाला 'देवाचा टॉस' म्हणायचा. लहानपणापासून हसायचा. आता तो हसेल, "बाबा, काहीतरीच," म्हणेल, हे काकांनी गृहीत धरलं होतं. मग आपण देवाचा कोप काढायचा, तो आणखी हट्ट करेल, मग गावाकडच्या घराची गळकी कौलं, मग दुखरे गुडघे. एकेक उत्तर त्यांनी कट्ट्यावर बसून तयार केलं होतं. आणि मनाच्या पार तळाशी हेही होतं, की पोरगा फारच हट्टाला पेटला तर कदाचित आपण हरू.

नितेशने बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "नक्की डावा झाला ना, बाबा?"

"नक्की."

"देवाचंच तसं असेल तर..." तो म्हणाला. मानसी गॅसकडे वळली. गॅसवर काही नव्हतं.

काकांची उत्तरं तशीच राहिली.

माघात तिघं गेली. आता रोज संध्याकाळी फोन येतो. प्रांजल पांढरी छपरं दाखवते, नितेश गोळ्या घेतल्या का विचारतो, मानसी पैसे पाठवते. फोन वाजला की काका हटकून आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसतात, म्हणजे बाबा ऐसपैस आहेत हे तिकडे दिसतं. फोन झाला की बाहेर येतात. चटई किचनच्या दाराशीच आहे, पाय चपलांच्या रॅकखाली. उरलेली सगळी जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे. शांताबाई म्हणाल्या, अहो, आता तरी हातपाय पसरा. काकांनी त्यांना गाळ्याची गोष्ट सांगितली नाही.

गावपळण तीन दिवसांनी संपते. गुरव देवाला विचारतो, आता परतायचं का, आणि फूल उजवं पडलं की माणसं, गुरं, मांजरं सगळी हसत घराकडे वळतात. काका रोज सकाळी देवासमोर बसतात. फुलं वाहतात. हात जोडतात. पण परतायचं का, हे विचारायला त्यांचं तोंड उघडत नाही. त्या देवाच्या नावाने ते एकदा खोटं बोलले आहेत.