चार्ज कुणाला देऊ?

"जीपनं आलात? परत जा! स्टेशनात माणूस गाडीनं येतो!"

मास्तर फलाटावरून असे गरजले, की तिकडे पानिपतातले हातमाग क्षणभर थांबले असावेत. दिल्लीच्या रेल्वे कचेरीतले साहेब आणि त्यांचा कारकून मी, दोघं जीपमध्येच चिकटून बसलो. गाडी येणार कुठून? पानिपताजवळच्या त्या रेल्वेफाट्यावरची शेवटची गाडी जाऊन तीन महिने झाले होते, आणि स्टेशन बंद केल्याचा कागद माझ्याच पिशवीत होता.

तुम्ही हसाल, पण एके काळी तिथून इतका गूळ चढायचा, की दिल्लीला पोचलेल्या इंजिनाला मुंगळे लागलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. मग पक्की सडक झाली, ट्रक आले, बस आल्या. रुळांत गवत माजलं. मास्तर मात्र रोज गणवेश चढवून कामावर हजर!

त्यांनी कागद सावकाश वाचला. "बरं. चार्ज घ्यायला कोण आलंय?"

"कोणी नाही. स्टेशनच बंद झालं, मास्तर."

"मग ताबा देऊ कुणाला? घेणाऱ्याची सही लागते. साहेब, तुम्ही करता?"

साहेबांनी पेन खिशात खोल ढकललं. सही केली असती तर तेच स्टेशनमास्तर झाले असते!

"अहो, सोडा हट्ट," मी म्हटलं. इतक्या उत्तरेत मराठी माणसाला मराठीत समजवावं, एवढाच माझा डाव.

"पानिपताजवळून मराठी माणूस एकदा मागे हटलाय, यार. बिल्कुल पुरे झालं तेवढं."

चार वेळा गेलो. चारही वेळा मास्तरांनी फलाटावरच्या म्हाताऱ्या शेंगदाणेवालीकडून पुडी घेऊन माझ्या हातात कोंबली आणि वाटेला लावलं.

पाचव्यांदा गेलो तो त्यांच्या निवृत्तीचा दिवस. मास्तर ट्रंक बांधून तयार. "दिला चार्ज," म्हणाले. यादी पुढे केली : घंटा एक, कंदील दोन, किल्ल्या नऊ, कडुनिंब एक. खाली अंगठा, शेंगदाणेवालीचा.

"अहो मास्तर, ही रेल्वेची नाही!"

"बावीस वर्षं या फलाटावर बसलीये. तुमच्यातलं कोण दोन तास बसलंय?"

ट्रंक मी उचलली. मास्तरांनी घंटेवर हात ठेवला, वाजवली मात्र नाही. "आता तिची आहे," एवढंच हळू म्हणाले.

पुढे ते नाशिकला वारले. म्हातारीला सांगायला मीच गेलो. फलाट लख्ख झाडलेला. ती कंदिलाची काच पुसत होती. मी सांगितलं, तरी हात थांबला नाही.

"तो फिर चारज मेरे पास ही रहेगा," ती म्हणाली.