न चाखता केलेला हलवा

शारजात आम्ही अकरा वर्षं राहिलो. मी एका गोदामात मालाची मोजदाद पाहायचो. समोरच्या घरात एक सीरियन कुटुंब होतं. त्या घरच्या बाईंनी माझ्या बायकोला त्यांच्याकडचा चीजचा हलवा शिकवला. चीज पाकात वितळवून त्यात रवा घालायचा, गोळा गरम असतानाच पोळीसारखा लाटायचा, आत मलई भरून गुंडाळायचा, तुकडे करून वर पिस्ते पेरायचे. चीज मिठाच्या पाण्यातलं असतं. ते साध्या पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं आणि दर वेळी कण तोडून जिभेवर ठेवायचा. खारटपणा पुरता गेल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, असा त्या बाईंचा दंडक होता.

आई गावी मारेगावलाच होती, धाकट्या भावाकडे. फोनवर ती तिकडचं काही विचारत नसे. कधी येता, एवढंच. आम्ही कायमचे परतलो, तरी आमच्या तिकडे जाण्याबद्दलची तिची अढी गेली नाही. बायकोचं म्हणणं असं, की आईंनी तो हलवा एकदा खावा. "त्यांना कळू दे," ती मला म्हणाली, "आपण तिथे नुसते दिवस ढकलत नव्हतो."

येताना चीजची बरणी आणली होतीच. दिवाळीत आई आपणहून म्हणाली, "तिकडचं काय ते गोड करतेस म्हणे, कर. पन आधी देवाले."

आमच्या घरी नैवेद्याचं चाखत नाहीत. आई स्वयंपाकघरात पाट टाकून बसली. चीज, रवा, साखर मी काट्यावर तोलून दिलं. मीठ किती उरलं, ते काट्यावर कळत नाही. बायकोनं चार वेळा पाणी बदललं, कण बोटांत धरून वास घेतला, आईकडे पाहिलं आणि तो परत टाकला. शेवटी अंदाजानं पातेलं चढवलं.

नैवेद्य दाखवून झाल्यावर आईनं पहिला तुकडा तोंडात घातला. मीही खाल्ला. पाकातून मीठ सरळ वर येत होतं. बायकोनं सांगायला तोंड उघडलं होतं, पण आता तो प्रसाद होता आणि प्रसादाला नाव ठेवत नाहीत. आईनं तुकडा संपवला, दुसराही घेतला. मग बायकोच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "एवढी वर्षं हेच खाऊन राह्यली काय वं माय? थांब, मी तुले शिरा करून देतो."

तिनं खरंच शिरा केला आणि समोर बसून वाढला. बायकोनं तो संपवला.

नंतर बायकोनं दोनदा विषय काढला. हलवा बिघडला होता, पुन्हा करते, असंही सांगितलं. आईला वाटलं, सून तिकडची बाजू सांभाळते आहे. "राहू दे," ती म्हणायची, "आता कायले?" शेजारपाजारी मात्र सांगायची, की माझ्या सुनेला परमुलखात धड गोडसुद्धा मिळालं नाही. सुनेला ती जपू लागली, तिच्या ताटात आधी वाढू लागली.

दोन वर्षांनी आई गेली. तिची शेवटची माया आमच्या आबाळीवर होती, आणि आमची तर आबाळ झालीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी समोरच्या घरी ते नवरा-बायको आणि आम्ही दोघं हलव्याचं ताट मधे ठेवून तासन्‌तास बसायचो, हसायचो. आईला यातलं काहीच कळलं नाही.