शैलाताईंचा एकपानी कागद

शैलाताई गेल्याचं मला त्यांच्या घरून नाही, देगलूरकडच्या जलशुद्धीकरण केंद्रातून कळलं. ऑपरेटर महबूबभाईंचा फोन होता. "साहेब, म्याडम गेल्या हो..." एवढंच बोलून ते रडायला लागले. लातूरच्या ऑफिसातल्या इंजिनिअरबाईंसाठी सव्वाशे किलोमीटरवरचा ऑपरेटर का रडतो, ते सांगायला हवं.

यंत्रं कशी वापरायची याच्या सूचना आम्ही दोघं लिहायचो. आकडे माझे, वाक्यं त्यांची. क्लोरीन वायू गळाला तर काय करायचं, ही पुस्तिका मात्र मी एकट्यानं लिहिली. चौदा पानं, दाबाचे तक्ते, एकही आकडा चुकलेला नाही. ताईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "चला, महबूबभाईंना वाचू द्या."

केंद्रावर रिकामा सिलिंडर मांडला. महबूबभाई एकेक वाक्य मोठ्यानं वाचत आणि लगेच तसं करत. "व्हॉल्व्ह बंद करावा," त्यांनी वाचलं आणि फिरवलासुद्धा. पुढचं वाक्य होतं, "तत्पूर्वी मास्क लावलेला असावा."

"अहो, आधी पूर्ण वाचा की!" मी ओरडलो.

ताई माझ्याकडे वळल्या. "अनंतराव, गळतीच्या दिवशी हे सांगायला तुम्ही असणार हाव का इथं? आत्ता माणूस मेला असता. सगळे आकडे बरोबर असून."

मला राग आला, खोटं कशाला सांगू... पण परतताना उदगीरला चहा घेता घेता ते वाक्य मीच खोडलं. नंतर पाच खेपा झाल्या. महबूबभाई जिथं अडखळत, तिथं ताई पेन्सिलीनं टिंब देत आणि ती ओळ पुन्हा लिहीत. चौदा पानांचं एक पान झालं. पहिली ओळ : मास्क लावा.

पुढच्या वर्षी खरंच गळती झाली. भर दुपारी, महबूबभाई एकटे. त्यांनी ओळीनं सगळं केलं. कुणाला काही झालं नाही. मी फोनवर त्यांचं कौतुक करत होतो, तर ताईंनी फोनच काढून घेतला. "भाई, कोणत्या ओळीला अडलात?"

"चौथ्या, म्याडम. मास्कच्या काचंतून अक्षर लई बारीक दिसून राहिलं."

त्याच संध्याकाळी अक्षर मोठं झालं आणि ते मावावं म्हणून दोन ओळी गेल्या.

आज तो कागद आमच्या बावीस केंद्रांवर क्लोरीनच्या खोलीबाहेर, मास्कच्या खुंटीशेजारी लावलेला आहे, मी मोजलेत. खाली ताईंचं नाव घालू, असं मी तेव्हा सुचवलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या, "तेवढी एक ओळ जास्तीची वाचावी लागंल त्याला."