बोट भरलं, अवधान बसलं नाही

अवधान म्हणजे काय, हे आमच्या गावात पोरांनाही कळतं. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. हाताला लागलं तर काखेत. तव्यावर फडकं गरम करून शेकायचं. जखम भरली की गाठ आपोआप बसते.

ह्यांच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी सलाईनमधून औषध देऊ, मग ऑपरेशन करून जठर काढू. त्या ऑपरेशनवर आम्ही जगत होतो. हे मला म्हणायचे, "पोटच काढल्यावर तुझी मजा हाय. भाकऱ्या कमी थापाव्या लागतील."

मधे जरा तरतरी आली तर करंजाड्याच्या नव्या घरात त्यांचं मन लागेना. जुन्या गावच्या खाजणात चिंबोऱ्या धरायला गेले. एकीने नांगीत धरून डाव्या हाताचं बोट फोडलं. बोट सुजलं, पिकलं. मी हळद भरली. थोड्या दिवसांनी डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या वर, चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली.

"अवधान आलं," मी म्हटलं.

"काखेत यायचं ते वर कसं गेलं?"

"तुमचं सगळंच उलटं."

हसले. मी शेकायला घेतलं. डॉक्टरांना सांगायचं मनात आलं होतं. पण पोटाच्या डॉक्टरला बोटाचं काय सांगायचं, म्हणून गप्प बसले. तसंही मला तिथे बोलायला जमत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांचा हात तपासता तपासता त्या गाठीवर थांबला. सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी हे आत सलाईन लावून पडले होते. डॉक्टरांनी मला एकटीला बसवलं. मी अवधानाचं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

"शब्द बरोबर आहे, ताई. फक्त जखम बोटाची नाही, पोटातली आहे."

मग त्यांनी कागदावर रेघा काढल्या. रक्ताच्या नळ्यांखेरीज अंगात आणखी बारीक नळ्या असतात, त्यांतून पांढरट पाणी वाहतं. वाटेवर ठिकठिकाणी गाठी असतात, त्या पाणी गाळतात. कॅन्सरचे कण जठरातून त्या पाण्यात उतरतात. आधी जठराजवळच्या गाठींत अडकतात. तिथून पुढे सुटले की छातीतल्या मोठ्या नळीतून वर चढतात. ती नळी डाव्या बाजूला, गळ्याच्या मुळाशी रक्तात रिकामी होते. त्यांनी पेन जिथे टेकवलं, तिथेच मी रोज फडकं ठेवत होते.

"मग ही गाठ पण काढा ना," मी म्हटलं.

"ही दिसते म्हणून कळली. न दिसणारं किती पसरलं असेल, ते कापून संपणार नाही. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, ताई. औषध चालू ठेवू. त्यांना खाता येईल, दुखणार नाही, एवढं बघू."

"मी आधी सांगितलं असतं तर?"

"तरी ऑपरेशन झालं नसतं. गाठ आली तेव्हाच ते वरपर्यंत पोचलं होतं."

मला धीर यावा म्हणून ते म्हणाले. पण ऑपरेशन नाही, एवढंच माझ्या कानात राहिलं. रिक्षात हे विचारत होते, "तारीख दिली का?" मी म्हटलं, "अजून नाय."

घरी आल्यावर सदरा काढून बसले. "शेक गो. तारखेच्या आधी बसायला पायजे."

मी तवा ठेवला. फडकं गाठीवर धरलं. ते आपलं डावं बोट उजेडाकडे करून बघत होते. वर नवी कातडी आली होती, गुलाबी.

"बोट तर कवाच भरलं," ते म्हणाले. "मग ह्ये अवधान कशाचं, गो?"

मी फडकं आणखी दाबून धरलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. फडकं गार झालं तसा मी हात काढायला गेले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "परत गरम करून आण. बरं वाटतं."

अजून रोज शेकते. तारखेचं ते परत कधी बोलले नाहीत.