हवेत सहा फैरी

गुडघा निकामी झाला तेव्हा हवालदाराला हलकं काम म्हणून मुख्यालयातल्या पोलीस संग्रहालयात टाकलं. काम म्हणजे बोलणं. पितळी बिल्ले, घोडदळाची खोगिरं, वेताच्या ढाली, पहिली वायरलेसची पेटी. दलाचा सगळा इतिहास वीस मिनिटांत, घडाघडा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. नऊ वर्षांत जीभ कधी अडखळली नव्हती.

सोमवारी अडखळली. सातव्या कपाटात काचकारखान्याच्या संपाचा फोटो होता: ओस पडलेला रस्ता, विखुरलेल्या चपला, मागे भिंत. खाली कार्ड. मास्तरनं नेहमीसारखं वाचलं, “जमाव पांगवण्यासाठी हवेत सहा फैरी.”

घोळक्यामागे साठीपुढची एक बाई होती. बस कुठं थांबते विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, “अहो मास्तर, मग माझा भाऊ काय हवेत उभा होता?”

उत्तरासाठी ती थांबलीही नाही, पुढच्या कपाटाकडे गेली. मास्तर तिथंच राहिला. संपाच्या त्या दिवशी बंदुकांच्या रांगेत तिसरा तो होता. वय बावीस, नोकरी चार महिन्यांची.

घरी त्याला बसवेना. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

“पायाला भिंगरी लागलीय का?” बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “गुडघा दुखतो म्हणता आणि फरशी झिजवताय.”

त्यानं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच.

“तुमची गोळी कुठं गेली?”

“ठाऊक नाही. वर नव्हती गेली, एवढं ठाऊक आहे.”

तिनं हातातली घडी पुन्हा मोडली. “निवृत्तीला सात महिने राहिलेत. धाकटीचा भरतीचा अर्ज तुमच्याच मुख्यालयात पडलाय. सात महिने कार्ड वाचा, अहो.”

तिचं काही चुकत नव्हतं. त्यामुळेच तो पुन्हा खिडकीकडे गेला.

गुरुवारी दलाचा वर्धापनदिन. नवे साहेब तीस नव्या शिपायांना घेऊन आले, निम्म्या मुलीच. सातव्या कपाटापाशी मास्तरनं कार्डाकडे पाहिलं, मग फोटोकडे. ही काच तो रोज पुसायचा; भिंत कधी पाहिलीच नव्हती. आता हातातली दाखवायची छडी आपोआप तिथं टेकली.

“ही भिंत बघा. गिलावा कुठं उडालाय?”

समोरची मुलगी वाकली. धाकटीच्याच वयाची. फोटोतल्या दारावरून तिनं उंचीचा अंदाज घेतला आणि हात स्वतःच्या छातीशी नेला. “इथं, मास्तर.”

“मास्तर,” साहेब हळूच म्हणाले, “कार्डावर आहे तेवढं वाचा.”

“नऊ वर्षं वाचलं, साहेब. कार्ड खोटं आहे. रांगेत तिसरा मी होतो.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “दुपारी केबिनमध्ये या. चला, पुढं घ्या.”

रांग सरकली. मुलीचा हात अजून छातीवरच होता. तीस चेहरे आठव्या कपाटापाशी वळून थांबले. मास्तर लंगडत तिथं पोचला, छडी उचलली. आत काय ठेवलंय, त्याबद्दल काय बोलायचं, काही आठवेना.