सासूबाईंचा उकिरडा

आमच्या घरात वावर पुरुषांचं आणि शेण बायकांचं, असा न बोलता ठरलेला कारभार होता. काय पेरायचं, कापूस कुठे विकायचा, हे सासरे ठरवत. बैलजोडीच्या आणि दोन गाईंच्या शेणाचं काय करायचं, हे मात्र सासूबाई. त्या गोवऱ्या थापायच्या. घरात गॅस आला तरी थापणं थांबलं नाही, कारण आमच्याकडे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरावरच भाजतात आणि आसपासच्या गावांत रोडग्यांच्या पंगती सारख्या चालू असतात. गोवऱ्या विकून आलेले पैसे सासूबाईंच्या बटव्यात जात आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नसे.

गाव घुग्घुसच्या पुढे. नवरा खाणीत पाळीवर जातो, मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, शेती सासू-सासऱ्यांच्या अंगावर. जमीन भारी काळी. पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तिथेच राहते, उन्हाळ्यात भेगांत हात कोपरापर्यंत जातो. माझं माहेर जिवतीकडचं, मुरमाड बरडाचं. माझ्या वडिलांनी आधी ही माती पाहिली आणि खूष झाले. नवरा त्यांनी नंतर पाहिला.

पण या नावाजलेल्या जमिनीत बोंडं भरायला लागली की कापसाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायच्या. मग पान लाल होऊन गळायचं आणि बोंडं सुपारीएवढीच राहायची. सासरे खाणीच्या धुळीला शिव्या द्यायचे. दुकानदार दर वर्षी नवी फवारणी गळ्यात मारायचा. शेवटी मी माती तपासायला दिली. अहवाल आला: पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. सासऱ्यांनी अर्धाच ऐकला.

"पोटॅश भरपूर हाय म्हन्ते ना? मंग पान काऊन जळून राह्यलं?"

हा प्रश्न मलाही पडला होता. थोडं वाचून, थोडं विचारून जे कळलं ते मी त्यांना ओसरीवर बसून सांगितलं. चिकण मातीचा कण म्हणजे एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे. पालाश त्यांना चिकटून राहतो, काही तर पापुद्र्यांच्या आत जाऊन अडकतो. मुळाला मात्र पाण्यात उतरलेलाच घेता येतो, आणि तो असतो थोडा. बोंडं भरताना झाडाला एकदम जास्त लागतो, तेव्हा माती हात आखडते. त्यात आपली माती वाळून आवळली की मुळं पसरतही नाहीत. घरात धान्य आहे पण कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, तसं. कुजलेलं शेणखत पालाश हलक्या हाताने धरतं आणि मूळ मागेल तसं सोडतं. माती मोकळी ठेवतं, ओल टिकवतं. शिवाय त्याचा स्वतःचा पालाश असतो तो वेगळाच. आपण वर्षानुवर्षं शेण चुलीत घातलं आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्याही जाळल्या, मग मातीत राहणार काय?

सासऱ्यांनी आधी सोपा रस्ता धरला. पोटॅशच्या बोऱ्या आणून टाकल्या. मातीने त्याही गिळल्या. डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही. तेव्हा कुठे त्यांनी जेवताना फर्मान काढलं, "उद्यापासून गोवऱ्या बंद. शेन वावरात जाईन."

सासूबाईंनी वाढायचं थांबवलं नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "वावर कोनाचं हाय?"

"आपलं."

"आपलं म्हंजे कोनाचं? सातबाऱ्यावर कोनाचं नाव हाय?"

सासरे हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करून राहिली आहे. मला तसं वाटलं नाही, कारण त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. महिला शेतकऱ्यांसाठी म्हणून एक बैठक होती. शेवग्याची रोपं वाटणार होते. सासूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आलेल्या साहेबाने सातबारा मागितला, त्यावर यांचं नाव दिसलं नाही, तसं त्याने मान वर न करता नोंदवलं, "शेतकरी नाही, गृहिणी." ज्या बाईच्या हातांना पऱ्हाटीचे ओरखडे जन्माचे चिकटले आहेत, ती गृहिणी. मला इतका संताप आला की मी तिथेच बोलणार होते. सासूबाईंनी माझा हात दाबला. रोप न घेता आम्ही घरी आलो. त्यावर त्या घरात कुणाशी काहीच बोलल्या नव्हत्या.

आता बोलल्या. "ज्या वावरावर माह्यं नाव, त्या वावरात माह्यं शेन."

"शेनाच्या बदल्यात वावर मांगून राह्यली काय वं तू?"

"हो," म्हणाल्या, आणि भांडी घेऊन मोरीवर गेल्या.

मग सुरू झाला आमच्या घरातला अबोला. नवरा दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा आणि मोटारसायकलला किक मारून पाळीला पळायचा. मी उघडपणे सासूबाईंच्या बाजूची, त्यामुळे मी केलेल्या चहात साखर कमी असल्याचं सासऱ्यांना रोज आढळू लागलं.

सासूबाईंनी एक गोष्ट मात्र केली. गोवऱ्या थापणं खरंच बंद केलं. आपल्या पैशांसाठी वावर उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गोठ्यामागे खड्डा करून त्यांनी शेण साठवायला घेतलं. वर सोयाबीनचं कुटार, बैलांच्या पायाखालची मूत मुरलेली काडी, चुलीची राख. उन्हात पाणी शिंपडायच्या, पावसात ताडपत्री ओढायच्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या ढिगाचा वास गेला. हातात घेतला तर चहापत्तीसारखा काळा, मोकळा, गार. वावरात जाताना सासऱ्यांना रोज त्या ढिगाला वळसा घालावा लागायचा. ते मान दुसरीकडे करून जायचे.

मधल्या काळात त्यांनी बाहेरून शेणखताची ट्रॉली घेतली. निम्मं कच्चं, निम्मं प्लास्टिक. त्या वर्षी तणही उगवलं, उधळीही, म्हणजे वाळवी, लागली, आणि पानं लाल व्हायची ती झालीच. लाल पऱ्हाटीच्या बांधावर उभे असलेले सासरे मी शाळेतून येताना पाहिले. त्या दिवशी मला त्यांची दया आली. त्यांना जमीन सोडायची नव्हती असं नाही. बायकोने मागितली म्हणून दिली, हे गावात कसं दिसेल, हा त्यांचा खरा घोर होता.

अखेर ते तलाठ्याकडे गेले. बरेच खेटे घातल्यावर नाव चढलं, नाल्याकडच्या पट्टीवर. सगळ्यात चिकट, सगळ्यात वाईट तुकडा. हा डाव आम्हा सगळ्यांच्या लक्षात आला. सासूबाई म्हणाल्या, "चालते." आणि पेरणीआधी अख्खा उकिरडा बैलबंडीने त्या एका पट्टीत नेऊन पसरला. उरलेल्या वावराला टोपलंभरही दिलं नाही.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. एका वर्षाच्या खताने अशी जमीन सुधारत नाही. पण नाल्याकडची माती त्या वर्षी पायाला कमी चिकटली. दिवाळीनंतर सासऱ्यांच्या ओळी लाल पडल्या, तेव्हा सासूबाईंच्या ओळींत पानांच्या कडा बऱ्याचशा हिरव्या होत्या आणि वरची बोंडंही भरली. सासरे त्या पट्टीत जाऊन ढेकूळ फोडून बघत.

कापूस विकायला नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने लागते. म्हणून त्या पट्टीचा कापूस वेगळ्या गाडीत भरला आणि जिनिंगवर सासूबाईंना सोबत न्यावं लागलं. गाड्यांची लांब रांग होती. सासू, सासरे आणि मी, आम्ही तिघं गाडीच्या सावलीत बसलो होतो. भोंग्यावरून एकेक शेतकऱ्याचं नाव पुकारत होते, सगळी पुरुषांची. मग सासूबाईंचं पुकारलं. त्यांचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं लांबलचक.

त्या हलल्या नाहीत. आमच्याकडे त्यांना कुणी माय म्हणतं, कुणी बाई, कुणी काकू. पूर्ण नाव उच्चारलेलं मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, ओळखलंच नाही त्यांनी. मी त्यांचा खांदा हलवला, "बाई, उठा ना. तुमालेच बलावून राह्यले."

सासरे तोवर कागद घेऊन उठलेच होते. सासूबाईंनी त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं.

"आयकू आलं मले," त्या म्हणाल्या. "आनखी एकडाव घेऊ द्या त्याले नाव."