इनासचे रविवार

"मोटर न्यूरॉन डिसीज," डॉक्टर म्हणाले आणि आम्हाला काही विचारायचंय का म्हणून थांबले. आम्हाला तर ते नावही धड कळलं नव्हतं.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. निरोप पोचत नाही म्हणून स्नायू वाळत जातात. आधी हात किंवा पाय, मग जीभ, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहते. आजार थांबवणारं औषध नाही.

माझ्या नवऱ्याने, इनासने, एकच प्रश्न विचारला. "रविवारी धावलं तर चालेल?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "जमेल तोवर जा. पण दमेपर्यंत नको."

त्या संध्याकाळी आम्ही मुंबईहून वसईतल्या आमच्या गावी, सांडोरला परत आलो.

इनास टेलिफोन खात्यात होता, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. एकाच गावात वाढलो, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली की तो राजोडीच्या समुद्रावर धावायला जायचा. आधी चर्चमधले दोन-तीन मित्र होते. मग कोणी साखर वाढली म्हणून आलं, कोणी नुसतंच आलं. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधल्या वैद्यबाई गुडघे दुखत असूनही यायच्या. त्या चालायच्याच. शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं. सुरूच्या झाडांखालून कळंबच्या दिशेने जायचं आणि परत यायचं. बोंबील वाळत घालणारी एक बाई दर वेळी हसायची, "कोन मागं लागलाय रे तुमच्या?"

मी कधी गेले नाही. रविवारी घरात मला कामं असायची.

पहिली खूण म्हणजे डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मग वाळूत त्याच्या पायाचा चवडा घासायचा. याला फूट ड्रॉप म्हणतात, म्हणजे पाऊल वर उचललं न जाणं. आम्ही आधी चप्पल बदलली. मग कोणी मणक्याचं सांगितलं. एमआरआय झाला, कमरेला पट्टा आला, शेक झाले. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सतत फडफडायचं, ते आम्ही अशक्तपणावर ढकललं. शेवटी ईएमजी केली. या तपासणीत स्नायूत सुई घालून त्यातली वीज मोजतात. इनास दुखणं सोसणारा, पण त्या दिवशी त्याने माझा हात घट्ट धरला होता.

निदानानंतरही तो रविवारी जात राहिला. पुढे असायचा, तो मधे आला, मग सगळ्यांत मागे. "बरं झालं, मला सोबत मिळाली," वैद्यबाई म्हणाल्या. पुढे काठी आली, आणि एकदा तो वाळूत तोंडावर पडला. त्यानंतर त्याने जाणं सोडलं.

व्हीलचेअर घेतल्यावर मी म्हटलं, "निदान बसायला तरी चल."

"मला दाखवायला नेऊ नकोस, मोना." तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. एवढं वाक्य बोलायलाही त्याला वेळ लागला. मी पुन्हा विषय काढला नाही. रविवारी सकाळी तो ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचा.

एका रविवारी मिस्सेनंतर आमच्या फाटकाशी आवाज आले. पाहते तर सगळी मंडळी उभी. वैद्यबाई पुढे होत्या.

"इनासभाऊ, वाळूत माझे गुडघे फार बोलतात. आजपासून आम्ही तुमच्या रस्त्यावरून धावणार. डांबर बरं पडतं."

"खोटं," इनास म्हणाला. आणि हसला. हसू आलं की त्याला आवरता यायचं नाही, तेही आजारातलंच. पण ते हसू आजाराचं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

त्याने मानेनेच खुर्चीकडे खूण केली. केळीच्या वाड्यांमधल्या रस्त्याने त्याची खुर्ची सगळ्यांच्या मागून निघाली. ती मी ढकलत होते. मी या धावण्यात पहिल्यांदा गेले ती अशी. पावसाळा लागेपर्यंत आम्ही जात राहिलो.

मग जेवताना ठसका लागू लागला. पेज, सार, सगळं घट्ट करून भरवावं लागे. डॉक्टरांनी ट्रॅकिऑस्टॉमीबद्दल विचारलं. म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि मशीनने श्वास द्यायचा. "एकदा लावलं की बहुतेक ते निघत नाही. तुम्हाला हवंय का?"

"मशीन नको."

डॉक्टरांनी माझ्यासमोर पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. तो मत बदलेल, अशी आशा मी मनात ठेवून होते. फादरांशी बोलले. ते म्हणाले, "तो सांगतोय ते ऐक. त्यात पाप नाही."

न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला वसईतच हॉस्पिटलात नेलं. एक तरुण डॉक्टर बाई धावत आली. "मॅडम, ट्यूब घालू?"

इनासचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "नको. त्यानेच सांगितलंय." माझाच आवाज मला परका वाटला. श्वासाची घुसमट जाणवू नये म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुपारी तो गेला.

ते 'नको' मी उच्चारलं, हे ओझं कमी होत नाही. त्याची इच्छा होती हे माहीत असूनही होत नाही. हा आजार आलेल्या घरांतल्या माणसांना मला खोटा दिलासा द्यायचा नाही. एवढंच सांगते, माणसाला बोलता येतंय तोवर विचारून घ्या. त्याने सांगितलं नसतं, तर मी त्या क्षणी काय केलं असतं मला माहीत नाही.

बराच काळ मला रविवार सोसत नव्हता. रस्त्याने धडधाकट पाय जाताना दिसले की राग यायचा. मग एकदा वैद्यबाईंनी फोन केला, "मी चाललेय, येतेस?" आणि मी गेले. मंडळी आता पुन्हा राजोडीला जातात, मीही जाते. मी हळू चालते, छाती भरून येते, कधी दम लागून, कधी दुसऱ्या कशाने.

मागच्या रविवारी विरारचे एक गृहस्थ आले होते. बायकोला हाच आजार निघालाय म्हणाले. कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. बोलता बोलता त्यांना रडू आलं, आणि लोक पाहतील म्हणून ते पाय भराभर टाकू लागले.

"हळू चला," मी म्हटलं. "इथे कोणी घाई करत नाही."

ते हळू झाले. समुद्राला ओहोटी होती. बायकोचं नाव काय, तिला काय आवडतं, हे मी विचारलं, आणि ते सांगू लागले.